खाजनातला चिखल आणि त्यातले पाणी : दाब आणि प्रवाहाचे मॉडेल कसे उभे करावे

खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल जमीन. ओहोटीच्या वेळी खाजनातल्या चिखलात उभे राहून झटक्यात पाय उचलून पाहा. चिखल पाय सोडत नाही. पायाखाली पोकळी व्हायला बघते, ती भरायला पाणी लागते, आणि चिखलाच्या बारीक छिद्रांतून ते तेवढ्या वेगाने येऊ शकत नाही. आतला दाब उणा होतो आणि चिखल पाय धरून ठेवतो. तोच पाय हळूहळू, हलवत काढला की सुटतो, कारण पाण्याला यायला वेळ मिळालेला असतो. मऊ आणि सच्छिद्र पदार्थातला दाब, प्रवाह आणि आकारातला बदल एकमेकांत कसे गुंतलेले असतात, ते एवढ्यात कळते. आपल्याला हेच आकड्यांत मांडायचे आहे.

मी भू-तंत्र अभियंता आहे, घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. नव्याने कामाला लागलेली मुले माझ्याकडे सॉफ्टवेअरमधून काढलेली छिद्रदाबाची, म्हणजे मातीच्या छिद्रांतल्या पाण्याच्या दाबाची, रंगीत चित्रे घेऊन येतात. मी एकच विचारतो : ९० टक्के दाब उतरायला किती वर्षे लागतील, ते कागदावर काढले आहे का? बहुतेकांनी काढलेले नसते. म्हणून हा लेख कागदापासून सुरू होतो. पुढे एक्सेलवर जातो आणि मगच मोठ्या सॉफ्टवेअरकडे वळतो. उदाहरण सगळीकडे एकच ठेवले आहे : मांडवीकाठच्या खाजनातून जाणारा रस्त्याचा रुंद भराव. त्याच्याखाली ६ मीटर मऊ चिकणमाती, आणि वर जांभ्याच्या मुरमाचा २ मीटर थर. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण मऊ सागरी चिकणमातीत असेच आकडे येतात.

आधी एवढे डोक्यात पक्के करा

मुरमाचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरले, तर २ मीटर भरावाचा भार ३६ किलोपास्कल होतो. भराव पडतो त्या क्षणी हा भार मातीचे कण पेलत नाहीत. पाणी दाबले जात नाही आणि लगेच निसटूही शकत नाही, म्हणून सगळा भार पाण्यावर येतो आणि छिद्रदाब ३६ किलोपास्कलने वाढतो. मग पाणी हळूहळू निघते, दाब उतरतो, तेवढाच भार कणांच्या सांगाड्यावर सरकतो आणि जमीन खचते. एकूण ताणातून छिद्रदाब वजा केला की जे उरते ते कणांच्या वाट्याचे. त्यालाच आपण इफेक्टिव्ह स्ट्रेस म्हणतो. मातीची ताकद आणि तिचे खचणे दोन्ही त्यावर ठरतात.

पाणी किती वेगाने निघेल ते डार्सीच्या नियमाने कळते. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा उभारणाऱ्या हेन्री डार्सीने पुढे वाळूच्या गाळणीवर प्रयोग केले आणि १८५६ साली तो नियम छापला. कार्ल टेर्झागीने १९२३ मध्ये हा नियम मातीच्या खचण्याशी जोडला आणि एका दिशेतले समीकरण दिले. मॉरिस बियो याने १९४१ मध्ये ते तिन्ही दिशांत नेले. आज जी सॉफ्टवेअर आपण वापरतो, ती बियोचीच समीकरणे सोडवतात.

चित्र काढा, आणि निचऱ्याची वाट शोधा

कागदावर थर काढा. भरतीची आणि ओहोटीची पातळी काढा. मग प्रत्येक सीमेवर एकच प्रश्न विचारा : इथून पाणी बाहेर पडू शकते का? वरून मुरूम असेल तर पडते. खाली वाळू असेल तर पडते, आणि घट्ट चिकणमाती किंवा न भेगाळलेला खडक असेल तर नाही.

माझ्या आजवरच्या कामात सगळ्यात महागात पडलेली चूक याच पायरीवर झाली. एका भरावाखाली बोअरलॉगमध्ये, म्हणजे बोअर घेताना लागलेल्या थरांच्या नोंदीत, तळाशी वाळू लिहिलेली होती. मी दोन्ही बाजूंनी निचरा धरला. वर्षभर खालचा पायझोमीटर (छिद्रदाब मोजायचे उपकरण) जवळजवळ जागचा हलला नाही. ती वाळू म्हणजे चिकणमातीत अडकलेली एक बंद चकती होती. तिला बाहेर जायला वाट नव्हती. गणित बरोबर होते, सीमा चुकीची होती. तेव्हापासून एकाच बोअरवरून मी तळाचा निचरा ठरवत नाही. शेजारच्या बोअरमध्ये तोच थर त्याच पातळीला सापडतो का ते पाहतो, आणि शंका असेल तर दोन्ही शक्यतांचा हिशेब देतो.

याउलटही होते. नमुन्यात शिंपल्यांचा पातळ पट्टा दिसला तर तो टाकून देऊ नका. खाडीच्या चिखलात तिसऱ्या आणि खुबे यांच्या कवचांचे असे थर येतात. ते सलग असले तर पाण्याला आडवी वाट मिळते आणि प्रत्यक्षातला वेग प्रयोगशाळेतल्या वेगाच्या कितीतरी पट होतो.

तीन आकडे मिळवा

ओडोमीटर चाचणीत मातीचा पातळ नमुना कड्यात बसवून भाराखाली दाबतात. तिच्यातून दोन आकडे थेट मिळतात. पहिला, एका किलोपास्कलला जाडी कितव्या हिश्शाने घटते तो संकोच-गुणांक. आपल्या उदाहरणात तो ०.००१ आहे. दुसरा, दाब किती वेगाने पसरतो तो कॉन्सॉलिडेशन-गुणांक (कॉन्सॉलिडेशन म्हणजे पाणी निघून माती दाबली जाणे). आपण वर्षाला १ चौरस मीटर धरू. पार्यता, म्हणजे पाणी झिरपण्याचा वेग, या दोघांच्या गुणाकाराला पाण्याच्या घनभाराने गुणले की येते : सेकंदाला साधारण ३.१ × १०⁻¹⁰ मीटर. इतक्या घट्ट मातीची पार्यता वेगळी मोजायला जाण्यापेक्षा अशी काढलेली बरी. चाचणीची पद्धत आयएस २७२० या भारतीय मानकाच्या १५व्या भागात आहे.

एककांवर लक्ष ठेवा. प्रयोगशाळेचा अहवाल कधी मिनिटाला चौरस मिलिमीटर अशा एककात येतो, कधी सेकंदाला चौरस सेंटीमीटर. वर्षाला १ चौरस मीटर म्हणजे मिनिटाला १.९ चौरस मिलिमीटर, आणि सेकंदाला ०.०००३१७ चौरस सेंटीमीटर. हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

नमुना काढताना माती ढवळली जाते, त्यामुळे प्रयोगशाळेतला वेग बहुधा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून एकच आकडा घेऊ नका, अर्ध्यापासून दुप्पटीपर्यंतचा पट्टा घेऊन चालवा.

कागदावरचा हिशेब

सगळा दाब उतरल्यावर एकूण खचणे किती? ०.००१ × ३६ × ६ = ०.२१६ मीटर, म्हणजे जवळपास २२ सेंटीमीटर. दर चौरस मीटरमागे २१६ लिटर पाणी बाहेर पडणार आहे. हा आकडा लिहून ठेवा, पुढे मॉडेल तपासायला लागेल.

वेळ काढायला पाण्याला जास्तीत जास्त किती लांब जावे लागते ते पाहा. दोन्हीकडून निचरा असेल तर ३ मीटर, एकाच बाजूने असेल तर ६ मीटर. त्या लांबीच्या वर्गाला कॉन्सॉलिडेशन-गुणांकाने भागा. ५० टक्क्यांसाठी ०.१९७ने आणि ९० टक्क्यांसाठी ०.८४८ने गुणा. दोन्हीकडून निचरा असेल तर ५० टक्के १.७७ वर्षांत आणि ९० टक्के ७.६ वर्षांत. एकाच बाजूने असेल तर ९० टक्क्यांना ३०.५ वर्षे.

लांबीचा वर्ग होतो, हे इथले मर्म आहे. ओडोमीटरमधला २० मिलिमीटरचा नमुना दोन्हीकडून निचरतो, त्याची वाट १० मिलिमीटरची. तीच माती तिथे ९० टक्के व्हायला सुमारे ४५ मिनिटे घेते. प्रत्यक्ष जागेवर वाट ३०० पट लांब, म्हणून वेळ ९०,००० पट. पीव्हीडीच्या, म्हणजे निचऱ्यासाठी मातीत उभ्या घालायच्या, पट्ट्या मीटर-सव्वा मीटरवर ठोकल्या की वर्षांचे महिने का होतात, तेही याच वर्गात आहे : पाण्याला ३ मीटर वर जाण्याऐवजी अर्धा मीटर आडवे जावे लागते.

एक्सेलमध्ये पहिले मॉडेल

आता थर कापू. ६ मीटरचे अर्ध्या मीटरचे १२ भाग करा, म्हणजे १३ बिंदू होतात. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये प्रत्येक बिंदूला एक स्तंभ आणि प्रत्येक वेळेला एक ओळ द्या. पहिल्या ओळीत दोन्ही टोकांना शून्य लिहा आणि मधल्या ११ रकान्यांत ३६. वेळेची पायरी ०.०५ वर्ष घ्या, म्हणजे सव्वाअठरा दिवस.

गुणक काढायला कॉन्सॉलिडेशन-गुणांकाला वेळेच्या पायरीने गुणा आणि बिंदूंमधल्या अंतराच्या वर्गाने भागा : १ × ०.०५ ÷ ०.२५ = ०.२. दुसऱ्या ओळीपासून मधल्या प्रत्येक रकान्यात हे सूत्र येते :

नवा दाब = जुना दाब + ०.२ × (वरच्या बिंदूचा जुना दाब + खालच्या बिंदूचा जुना दाब − २ × स्वतःचा जुना दाब)

टोके शून्यच राहतात. सूत्र खाली ओढा. पहिल्या पायरीनंतर पृष्ठभागाजवळच्या बिंदूवर २८.८ दिसला पाहिजे. दुसऱ्या पायरीनंतर तिथे २४.४८ आणि त्याच्या खालच्या बिंदूवर ३४.५६. हे आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका, सूत्रात कुठेतरी चुकीचा रकाना पकडला गेला आहे.

एकीकडूनच निचरा असेल तर तळाचा रकाना शून्य ठेवायचा नाही. तिथे सुरुवातीला ३६ लिहा आणि सूत्रात खालच्या बिंदूऐवजी वरचाच बिंदू दोनदा घ्या. जणू तळाशी आरसा आहे आणि पलीकडेही तसाच थर आहे.

गुणक ०.५च्या वर जाऊ देऊ नका. वर गेला तर काय होते ते मुद्दाम करून पाहण्यासारखे आहे. वेळेची पायरी ०.१५ वर्ष करा, गुणक ०.६ होतो. पृष्ठभागाजवळचा दाब पहिल्या पायरीत १४.४, दुसरीत १८.७२, तिसरीत १०.०८ येतो. मध्ये कोणी भार टाकला नाही, तरी दाब वाढला आणि पुन्हा पडला. असे हेलकावे मातीत नसतात, ते गणिताने तयार केलेले असतात. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे एकदा करायला लावतो. हेलकावा कसा दिसतो ते डोळ्यांना माहीत झाले, की मोठ्या सॉफ्टवेअरच्या निकालातही तो ओळखता येतो.

खचणे काढायला प्रत्येक ओळीत ३६ मधून दाब वजा करा, खोलीवर बेरीज करा (टोकांचे बिंदू अर्ध्या वजनाने), अर्ध्या मीटरने आणि ०.००१ने गुणा. पहिल्याच ओळीत १.८ सेंटीमीटर खचणे दिसेल, अजून थेंबही निघालेला नसताना. टोकांना आपण एकदम शून्य लिहिले, त्याचा हा दोष आहे. पुढे तो विरतो. ३५व्या पायरीला, म्हणजे पावणेदोन वर्षांनी, एक्सेलमध्ये १०.९ सेंटीमीटर येते, नेमक्या गणिताने १०.७. एवढा फरक चालेल. नको असेल तर अंतर निम्मे करा, पण मग वेळेची पायरी चौथा हिस्सा करावी लागते.

आता त्याच ३५व्या पायरीच्या ओळीत मधल्या बिंदूचा दाब वाचा. २८ किलोपास्कल! जमीन निम्मी खचली आहे, आणि थराच्या मध्यभागी अजून ७८ टक्के दाब तसाच आहे. फक्त खचण्याच्या खुणा पाहून पुढचा थर टाकायचे ठरवले, तर जिथे माती सगळ्यात कमकुवत आहे तिथले आपल्याला काहीच कळलेले नसते. मऊ मातीवरचे भराव काम चालू असतानाच सरकतात, त्यामागे पुष्कळदा हे असते. म्हणून मॉडेलमधून मी खचण्याचा आलेख आणि मध्यबिंदूचा दाब नेहमी जोडीने काढतो.

भराव एका दिवसात पडत नाही. तो सहा महिन्यांत टाकणार असाल तर सुरुवातीला सगळे रकाने शून्य ठेवा आणि पहिल्या १० पायऱ्यांत मधल्या प्रत्येक बिंदूला ३.६ वाढवत जा. पावसाळ्यात काम बंद राहणार असेल तर त्या पायऱ्यांत काही वाढवू नका. गोव्यात जून ते सप्टेंबर भरावाचे काम थांबते, आणि तो खंड मातीच्या बाजूने मोजता येतो.

भरती-ओहोटी मॉडेलमध्ये कशी आणायची

इथे माझी सगळ्यात जास्त ओढ आहे, कारण खाजनाचा बांध हीच या विषयाची खरी परीक्षा. नदीकडे दिवसातून दोनदा पाणी चढते-उतरते, आत भाताचे शेत, मध्ये चिखलाचा बांध आणि भरतीला आपोआप मिटणारी मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार. ज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या राखले त्यांनी समीकरण लिहिले नाही. पण चिखल कसा वागतो ते त्यांना नेमके ठाऊक होते.

सीमेवरचा दाब ठराविक काळाने वरखाली होत असेल, तर तो आत किती खोल पोचतो? कॉन्सॉलिडेशन-गुणांकाला आवर्तनाच्या काळाने गुणा, ३.१४ने भागा आणि वर्गमूळ घ्या. त्या खोलीवर हेलकावा ३७ टक्के उरतो, तिप्पट खोलीवर जेमतेम ५ टक्के. भरतीचे आवर्तन १२.४२ तासांचे असते. आपल्या मातीत उत्तर येते २.१ सेंटीमीटर. पावसाळा-उन्हाळा या वर्षाच्या आवर्तनाला ५६ सेंटीमीटर. मे महिन्यात कडक होऊन भेगाळणारी वरची साल साधारण किती जाडीची असेल, त्याचा हा अंदाज समजा.

पण एक फरक नीट ध्यानात घ्या. भरतीचे पाणी चिखलाच्या डोक्यावर उभे राहते तेव्हा एकूण ताणही तेवढाच वाढतो. पूर्ण भिजलेल्या मऊ मातीत छिद्रदाब त्या भारासोबत लगेच, जवळजवळ पूर्ण वाढतो. झिरपण्याची वाट पाहत नाही. भाराचा किती हिस्सा पाण्यावर येतो तो, स्केम्प्टनने १९५४ मध्ये दिलेला गुणांक इथे १च्या जवळ असतो. म्हणून पायझोमीटर ३ मीटर खोलीवरही भरती दाखवील. ते पाहून पाणी तिथवर झिरपले असे समजू नका. मॉडेलमध्ये दोन्ही गोष्टी द्यायच्या : सीमेवरचा दाब आणि डोक्यावरचा भार. नुसता दाब दिला आणि भार विसरला, तर चुकीचा इफेक्टिव्ह स्ट्रेस येतो. ही चूक मी अनुभवी लोकांच्या फाइलींतही पाहिली आहे.

ओहोटीला बांधाचा नदीकडचा उतार धोक्यात येतो तोही याच गुंत्यामुळे. बाहेरच्या पाण्याचा टेकू निघून जातो आणि आतल्या पाण्याला बाहेर यायला वेळ मिळत नाही. बांधाची तपासणी ओहोटीच्या सगळ्यात खालच्या पातळीला करा.

आता झिरप मोजू. पाण्याच्या पातळीचा उतार ०.३ धरा. डार्सीच्या नियमाने बांधाच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला ८ मिलिलिटर पाणी जाते, चहाचे दीड चमचे. शेताच्या बाजूने पाणी वाहताना दिसले, तर ते चिखलाच्या छिद्रांतून आलेले नाही. खेकड्याचे बीळ, उन्हाळ्यातली भेग, कुजलेले मूळ नाहीतर मानशीच्या लाकडाची फट शोधा. अशा वेळी मॉडेलमध्ये पार्यता वाढवून पाणी जुळवण्याचा मोह होतो. तो टाळा. बिळाची रेषा काढा आणि तिच्यावर नदीचा दाब सीमा म्हणून लावा. मग आजूबाजूचा चिखल कुठवर फुगतो आणि मऊ होतो ते दिसते, आणि बांध कुठून फुटेल ते त्यावरून कळते.

दोन मितींत जाताना

वरचे एक्सेल रुंद भरावासाठी चालते. अरुंद बांधाखाली माती बाजूला सरकते, पाणी आडवे जाते, तिथे बियोची पूर्ण समीकरणे लागतात. ती सोडवणारे प्लॅक्सिस हे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. पायथन येत असेल तर फेनिक्स फुकट मिळते आणि समीकरण स्वतः लिहावे लागल्याने समजतेही. अशी सॉफ्टवेअर मातीचे छोटे तुकडे, म्हणजे घटक, पाडून त्यांची जाळी करतात. विस्थापनासाठी वर्गीय घटक आणि दाबासाठी एकघातीय घटक घ्या. दोन्ही एकाच घाताचे घेतले तर दाबाच्या चित्रात बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके येतात.

एक्सेलमध्ये वेळेची पायरी मोठी झाली की हेलकावे येत होते. इथे ती फार लहान झाली की येतात. व्हर्मीर आणि व्हेरुइट यांनी १९८१ मध्ये याची मर्यादा दाखवली : घटकाच्या लांबीचा वर्ग भागिले कॉन्सॉलिडेशन-गुणांकाच्या सहापट. अर्ध्या मीटरच्या घटकाला ती साधारण १५ दिवस येते. पहिल्या तासाचा दाब हवा असेल तर निचऱ्याच्या कडेजवळ जाळी बारीक करा, नुसती पायरी कापून भागणार नाही.

तपासणी दोन टप्प्यांत करा. आधी दोन्ही कडा आडव्या न हलणाऱ्या ठेवून आपलेच एक्सेलचे उदाहरण चालवा आणि २१६ लिटरचा हिशेब जुळवा : निम्मे वरून, निम्मे खालून. मग मांडेलचे उदाहरण घ्या. दोन ताठ पाट्यांमध्ये ओल्या मातीची लादी दाबायची आणि पाणी फक्त बाजूंनी सोडायचे. कडा आधी निचरतात आणि मऊ पडतात, भार मध्याकडे सरकतो आणि मधला दाब उतरण्याआधी सुरुवातीच्या दाबापेक्षाही वर चढतो. मांडेलने १९५३ मध्ये हे गणिताने काढले आणि क्रायरने १९६३ मध्ये गोलात दाखवले. तुमच्या प्रोग्राममध्ये हा चढ दिसला नाही, तर त्यात दाब आणि आकार एकमेकांना खऱ्या अर्थाने जोडलेले नाहीत.

आपल्या उदाहरणात जाडी ३.६ टक्के घटते, म्हणून पार्यता स्थिर धरली तरी चालते. नुकत्याच बसलेल्या गाळात ती १०-१५ टक्क्यांवर जाते. तिथे पोकळी आटते तशी पार्यता झपाट्याने कमी होते. तेव्हा गिब्सन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडलेले मोठ्या संकोचाचे समीकरण घ्या.

जागेवरचे मोजमाप

थराच्या मध्यावर एक पायझोमीटर, तळाच्या सीमेजवळ दुसरा, आणि पृष्ठभागावर खचणे मोजायची पाटी, एवढे तरी हवेच. भराव टाकण्याआधी निदान एक पौर्णिमा किंवा अमावास्या धरून पूर्ण दिवस दर अर्ध्या तासाने नोंदी घ्या, म्हणजे भरतीचा वाटा वेगळा काढता येतो. नंतर ज्या-ज्या दिवशी वाचाल, त्या नोंदीपुढे भरतीची वेळ लिहा. वेळ न लिहिलेली नोंद आमच्याकडे मॉडेलशी जुळवायला घेत नाहीत. मोठ्या भरतीला पाणी दोनेक मीटर चढते-उतरते, म्हणजे २० किलोपास्कलचा फरक, आणि आपण शोधत असतो तो बदल महिन्याला एक-दोन किलोपास्कलचा असतो.